शर्करेच्या कवचाविरुद्ध: मेनिन्गोकॉकसवरील संयुग्मित लसी आणि त्यांच्या कसोट्या

मेनिन्गोकॉकस हा जिवाणू माणसाखेरीज अन्य कोणत्याही प्राण्यात नैसर्गिकरीत्या राहत नाही. साधारणतः दहापैकी एका निरोगी प्रौढाच्या घशात तो कसलाही त्रास न देता वस्तीला असतो आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी निघूनही जातो. क्वचित एखाद्याच्या बाबतीत मात्र तो घशाच्या अस्तरातून रक्तात शिरतो आणि काही तासांतच दुखणे जिवावर बेतते. योग्य उपचार मिळूनही दहापैकी सुमारे एक रुग्ण दगावतो. वाचलेल्यांपैकी दहा ते वीस टक्के जणांच्या वाट्याला बहिरेपण, मेंदूची इजा किंवा हातपाय गमावणे यांपैकी काहीतरी कायमचे येते.

रक्तात हा जिवाणू तग धरतो तो त्याच्याभोवतीच्या शर्करेच्या कवचामुळे. या कवचाच्या रासायनिक रचनेवरून त्याचे गट पाडले जातात आणि त्यांपैकी ए, बी, सी, डब्ल्यू, एक्स व वाय हे सहा गट जगातील जवळजवळ सर्व रोगाला कारणीभूत आहेत. जिवाणूचे संरक्षण करणारे हे कवचच लसीचे लक्ष्य करता येईल, हा विचार अमेरिकी सैन्याच्या वॉल्टर रीड संशोधन संस्थेत १९६० च्या दशकात प्रत्यक्षात आला. बराकींमध्ये दाटीने राहणाऱ्या नव्या सैनिकांमध्ये साथी येत होत्या आणि तोवर प्रतिबंधासाठी दिली जाणारी सल्फा औषधे निकामी ठरू लागली होती.

त्या संस्थेतील आयर्विंग गोल्डश्नायडर, एमिल गॉटश्लिक आणि माल्कम आर्टेनस्टाइन यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांवर या विषयातील पुढचे जवळजवळ सारे काम उभे आहे. त्यांनी सैनिक भरती होताच त्यांच्या रक्तातील सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) साठवून ठेवले आणि पुढे कोण आजारी पडते हे पाहिले. आजारी पडलेल्या ५४ जणांपैकी केवळ तिघांच्या सीरममध्ये जिवाणू मारण्याची क्षमता आढळली होती. आजारी न पडलेल्यांमध्ये हेच प्रमाण सुमारे ८२ टक्के होते. रोगापासून कोण सुरक्षित आहे, हे सांगणारी खूण प्रथमच हाती आली.

सीरमच्या या कसोटीची आजची मांडणी अशी आहे. व्यक्तीचे सीरम आधी गरम करून त्यातील कॉम्प्लिमेंट नावाची, प्रतिपिंडांच्या साथीने जिवाणू मारणारी प्रथिनांची यंत्रणा निष्क्रिय केली जाते आणि मग ते टप्प्याटप्प्याने दुप्पट पातळ केले जाते. प्रत्येक टप्प्यात ठरावीक संख्येचे जिवंत जिवाणू आणि बाहेरून आणलेले कॉम्प्लिमेंट मिसळतात, मिश्रण थाळीवर पसरतात आणि वाढलेल्या वसाहती मोजतात. ज्या सर्वाधिक पातळ सीरमने निदान निम्मे जिवाणू मारले, ती पातळी म्हणजे त्या व्यक्तीचा आकडा. माणसाचे कॉम्प्लिमेंट वापरले तर एकास चार आणि सशाच्या पिल्लांचे वापरले तर एकास आठ, ही संरक्षणाची सीमारेषा मानली जाते. सशाचे कॉम्प्लिमेंट या जिवाणूला अधिक सहजपणे मारते. म्हणून दोन अभ्यासांचे आकडे शेजारी ठेवण्यापूर्वी कॉम्प्लिमेंट कोणते होते हे विचारायलाच हवे, आणि ही साधी चौकशी बातम्यांमध्ये सहसा राहून जाते.

शुद्ध शर्करेच्या पहिल्या लसी मोठ्या माणसांना उपयोगी पडल्या, पण ज्यांना धोका सर्वाधिक त्या दोन वर्षांखालील मुलांमध्ये त्या बहुतांशी निष्प्रभ ठरल्या. लांब शर्करासाखळी प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी पेशींना थेट चेतवते खरी. मात्र टी पेशी केवळ प्रथिनांचे तुकडे ओळखत असल्यामुळे त्यांची मदत मिळत नाही, स्मृतिपेशी तयार होत नाहीत आणि प्रतिपिंडे काही वर्षांत ओसरतात. यावरचा उपाय जुनाच होता. ऑस्वल्ड एव्हरी आणि वॉल्टर गोबेल यांनी १९२९ मध्येच दाखवले होते की, एरवी दुर्लक्षिली जाणारी शर्करा प्रथिनाला रासायनिक बंधाने जोडली की शरीर तिची दखल घेते. बी पेशी शर्करा ओळखून ती प्रथिनासह आत ओढते, प्रथिनाचे तुकडे टी पेशींना दाखवते आणि त्यांची मदत मिळवते. संयुग्मित लसीचे सारे रहस्य एवढेच आहे.

जोडीदार प्रथिन म्हणून बहुधा धनुर्वाताचे निर्विष केलेले विष घेतात किंवा घटसर्पाच्या विषाचे सीआरएम१९७ हे रूप वापरतात, ज्यात एकच अमिनो आम्ल बदलल्याने विषारीपणा नाहीसा झालेला आहे. कारखान्यातील खरी कसोटी जोडणीनंतर लागते. न जोडलेली मोकळी शर्करा गाळून काढावी लागते, शर्करा आणि प्रथिन यांचे गुणोत्तर प्रत्येक खेपेला तपासावे लागते, आणि साठवणीत हा बंध तुटत नाही ना हेही पाहत राहावे लागते.

लस तयार झाली तरी ती उपयोगी आहे हे सिद्ध करणे अवघडच होते. हा रोग विरळ आहे आणि साथ कुठे उसळेल ते सांगता येत नाही. त्यामुळे लस घेतलेल्या व न घेतलेल्या गटांतील रुग्ण मोजायचे तर लाखो स्वयंसेवक लागतील. ब्रिटनने नोव्हेंबर १९९९ मध्ये सी गटाविरुद्धची संयुग्मित लस राष्ट्रीय कार्यक्रमात आणली, ती सुरक्षितता आणि थाळीवरील आकडे यांच्याच बळावर. निर्णय धाडसी होता आणि माझ्या मते योग्यही होता, कारण वाट पाहण्याची किंमत मुलांनी मोजली असती. मात्र थाळी काय सांगू शकत नाही, हे त्यानंतरच उमगले. दोन, तीन आणि चार महिन्यांच्या वयात मात्रा घेतलेल्या बाळांचे संरक्षण वर्षभरातच ओसरू लागले, आणि २००६ मध्ये वेळापत्रकात बारा महिन्यांच्या वयाची वर्धक मात्रा आणावी लागली. उलट, एक लाभ चाचण्यांमध्ये मोजलाच गेला नव्हता: किशोरवयीनांच्या घशात सी गटाचा जिवाणू आढळण्याचे प्रमाण सुमारे दोन तृतीयांशाने घटले आणि लस न घेतलेल्यांमधील रोगही तितकाच कमी झाला.

आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंत पसरलेल्या, मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणांचा दाह) पट्टा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रदेशात प्रश्न ए गटाचा होता. १९९६-९७ च्या साथीत तेथे अडीच लाख लोक आजारी पडले आणि सुमारे २५ हजार दगावले. जागतिक आरोग्य संघटना आणि पाथ या संस्थेने २००१ मध्ये हाती घेतलेल्या प्रकल्पाने आधी किंमत ठरवली, एका मात्रेला ५० सेंटपेक्षा कमी, आणि मग ती पाळू शकणारा उत्पादक शोधला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ते काम स्वीकारले. जोडणीचे तंत्र अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळेतून आले. भारतातील पहिल्या चाचणीनंतर माली, गांबिया आणि सेनेगल येथे मुलांवर व तरुणांवर चाचण्या झाल्या, आणि तुलनेसाठी जुनी शर्करालस ठेवल्यामुळे प्रतिसादातील फरक स्पष्ट दिसला. मेनआफ्रिव्हॅक ही लस डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत, १ ते २९ वर्षे वयाच्या लोकांना एकच मात्रा देऊन सुरू झाली.

प्रत्यक्ष परिणामाचा ठोस पुरावा चाडमधून मिळाला. २०१२ च्या साथीत लसीकरण झालेल्या भागांत मेनिंजायटिसचे प्रमाण लाखात २.५ होते, तर लसीकरण न झालेल्या भागांत ४३.८. घशांच्या तपासणीत लसीकरणापूर्वी ४,२७८ जणांपैकी ३२ जणांमध्ये ए गटाचा जिवाणू सापडला होता. लसीकरणानंतर ५,००१ जणांपैकी केवळ एकामध्ये. पट्ट्यात २०१७ नंतर ए गटाच्या रोगाची नोंद झालेली नाही.

पण सी, डब्ल्यू आणि एक्स गटांच्या साथी चालूच राहिल्या. म्हणून ए, सी, डब्ल्यू, वाय व एक्स अशा पाच गटांवरील लस तयार झाली, तिला जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वमान्यता मिळाली आणि २०२४ मध्ये नायजेरियाने ती सर्वप्रथम वापरली. माली व गांबिया येथील १,८०० जणांच्या चाचणीत तिची तुलना आधीच मान्यता मिळालेल्या चार गटांच्या संयुग्मित लसीशी केली गेली. त्या लसीत एक्स गट नसल्यामुळे त्याच्या प्रतिसादासाठी चार गटांपैकी सर्वांत कमी प्रतिसादाचा आकडा मापदंड म्हणून धरावा लागला.

या यादीत बी गट नाही. त्याच्या कवचाची शर्करा मानवी भ्रूणाच्या मज्जापेशींवरील शर्करेशी जुळते. त्यामुळे शरीर तिला परकी मानत नाही, आणि मानलेच तर स्वतःच्याच पेशींवर हल्ल्याची भीती राहते. म्हणून बी गटासाठी जिवाणूच्या पृष्ठभागावरील प्रथिनांपासून लसी बनवल्या गेल्या. त्यांपैकी एकीची घशातील जिवाणूवरील परीक्षा दक्षिण ऑस्ट्रेलियात सुमारे ३५ हजार शालेय विद्यार्थ्यांवर झाली, आणि रोगकारक मेनिन्गोकॉकसच्या वास्तव्यात तिने फरक पडल्याचे दिसले नाही. त्यामुळे येथे किशोरांना लस देऊन बाळांचे रक्षण होईल असे धरता येत नाही, आणि ब्रिटन २०१५ पासून ही लस थेट तान्ह्या बाळांनाच देत आहे.