पंधरा मुली, सात दिवस आणि श्रीखंडे

मागं आवाज येतोय ना? बरं. पत्रिकेत विषय छापलाय 'शरच्चंद्र श्रीखंडे : एका संशोधक गणितज्ञाची कारकीर्द', आणि मी आयोजकांना शब्द दिलाय की अठराव्या शतकातला थोर गणिती ऑयलर, त्याचं १७७ वर्षं टिकलेलं म्हणणं श्रीखंड्यांनी आणि त्यांच्या गुरूंनी कसं मोडलं ते आज फळ्यावर दाखवीन, नुसतं 'मोडलं हो' असं सांगून उठणार नाही. पन्नास मिनिटं आहेत, पुरतील.

आधी एक करू. रामानुजन ज्यांना माहीत आहेत त्यांनी हात वर करा. सगळे, छान. आता श्रीखंडे? चार हात. त्यातले दोन गणिताच्या प्राध्यापकांचे आहेत, मी ओळखतो त्यांना, ते धरायचे नाहीत! तर दोन. आणि मंडळी, हा माणूस मराठी, नागपुरात शिकलेला, मुंबई विद्यापीठाचा गणित विभाग ज्यानं उभा केला तो, आणि २६ एप्रिल १९५९ ला न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर ज्याच्या कामाची बातमी आली तो.

हे असं का, यावर मी बरीच वर्षं विचार करतोय, आणि त्याची सुरुवात एका फोनपासून झाली. श्रीखंड्यांनी नव्वदी पूर्ण केली त्या सुमाराला मी एका दिवाळी अंकाला त्यांच्यावर लेख पाठवला होता. अंकाचं नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही. पंधरा दिवसांनी संपादकांचा फोन आला, अगदी आपुलकीनं बोलले, म्हणाले सर लेख चांगला आहे, भाषा सोपी आहे, पण यात संघर्ष कुठंय? मी म्हटलं म्हणजे? तर म्हणाले, म्हणजे बघा, रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास, किंवा परदेशात कुणी किंमत दिली नाही, नाहीतर स्वप्नात काही दृष्टांत, असं काहीतरी वाचकाला लागतं. मी म्हटलं, १७७ वर्षं भलेभले ज्याला खरं मानत होते ते या माणसानं खोटं ठरवलं, हा संघर्ष नाही का? ते म्हणाले, तो कागदावरचा झाला सर. लेख परत आला.

कागदावरचा झाला! हे वाक्य माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. अहो गणितज्ञाचा संघर्ष कागदावर नाही होणार तर कुठं होणार? गवयाचा संघर्ष सुरात शोधतो आपण, मल्लाचा मातीत शोधतो, आणि गणितज्ञाचा मात्र त्याच्या घरच्या चुलीपाशी शोधायला जातो. रामानुजनांचं आयुष्य खरोखरच विलक्षण होतं, कुंभकोणमचा मुलगा, नामगिरी देवी, केंब्रिज, आणि बत्तिसाव्या वर्षी मृत्यू, पण त्या एका आयुष्याचा आपण साचा करून ठेवला आणि आता प्रत्येक गणितज्ञाला त्यात बसवून बघतो. जो १०२ वर्षं जगला, ज्यानं शिकवलं, विद्यार्थी घडवले, साठीला निवृत्त झाला, तो साच्यात बसत नाही, म्हणून त्याची गोष्टच नाही. माझं म्हणणं इतकंच आहे की संशोधकाची गोष्ट ही त्याच्या प्रश्नाची गोष्ट असते, प्रश्न कळला तरच माणूस कळतो, नाहीतर मग जन्म अमुक मृत्यू तमुक एवढंच उरतं.

तेही सांगतो, राहायला नको. जन्म १९ ऑक्टोबर १९१७, सागर, मध्य प्रदेश. शिक्षण नागपूरच्या सरकारी विज्ञान महाविद्यालयात. मग कलकत्त्याची इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट, आणि तिथं राजचंद्र बोस. इथं जरा थांबायला पाहिजे, कारण हे मूळ गणित शेतातलं आहे. समजा गव्हाच्या चार जाती तपासायच्यात. जमीन काही सगळीकडे सारखी नसते, एका अंगाला पाणी धरते, दुसऱ्या अंगाला मुरमाड असते. मग वावराचे चार ओळी चार रकाने असे सोळा तुकडे पाडायचे आणि जाती अशा पेरायच्या की प्रत्येक ओळीत प्रत्येक जात एकदाच आणि प्रत्येक रकान्यातही एकदाच. म्हणजे जमिनीचा कस सगळ्यांच्या वाट्याला सारखा येतो. याला लॅटिन चौरस म्हणतात. इंग्लंडात रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञानं ही पद्धत शेतीच्या प्रयोगांत रुजवली, तो कलकत्त्याला येऊनही गेला, आणि बोस मूळचे शुद्ध भूमितीचे, त्यांना इन्स्टिट्यूटचे संस्थापक महालनोबिस यांनी संख्याशास्त्रात ओढलेलं, त्यांच्या लक्षात आलं की हे वावराचे आराखडे म्हणजे भूमितीच आहे. श्रीखंडे या परंपरेतले. बोस १९४९ ला अमेरिकेत गेले, आणि त्यांच्याच हाताखाली १९५० ला नॉर्थ कॅरोलायनाची पीएचडी श्रीखंड्यांनी मिळवली. आणि त्याच वर्षी त्यांचा जो निबंध आला तो काही विशिष्ट आराखडे अशक्य आहेत हे दाखवणारा होता. हे लक्षात ठेवा, 'होऊच शकत नाही' हे सिद्ध करायला काय लागतं ते या माणसाला चांगलं माहीत होतं.

आता पत्ते. हे मी मुद्दाम आणलेत. चारी रंगांचे एक्का, राजा, राणी, गुलाम, सोळा पत्ते. चार बाय चार असे मांडायचे की प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक रकान्यात चारही रंग आणि चारही चित्रं आली पाहिजेत. म्हणजे दोन लॅटिन चौरस एकमेकांवर ठेवलेत, एक रंगांचा आणि एक चित्रांचा, आणि प्रत्येक जोडी एकदाच. पहिली ओळ घ्या, बदाम एक्का, इस्पिक राजा, चौकट राणी, किलवर गुलाम. दुसरी, चौकट राजा, किलवर एक्का, बदाम गुलाम, इस्पिक राणी. पुढच्या दोन घरी जाऊन करा, जमतात.

मला हे कोडं अकरावीच्या सुट्टीत एका मामानं घातलं, दोन दिवसांत सुटलं, तर ते म्हणाले आता सहाचं कर. सहा पलटणी, सहा हुद्दे, छत्तीस अधिकारी, तोच नियम. पत्ते पुरेनात म्हणून मी जुन्या वहीच्या पुठ्ठ्याचे छत्तीस तुकडे केले, सहा रंगांत रंगवले, आणि अख्खा मे महिना माजघराच्या फरशीवर ते मांडत बसलो, दुपारी पंखा लावला की तुकडे उडायचे म्हणून पंखा बंद, आई वैतागली, आणि गंमत म्हणजे दरवेळी अगदी शेवटी दोनच तुकडे अडायचे, चौतीस नीट बसायचे आणि दोन नाही, त्यामुळं वाटायचं की आता उद्या नक्की. जूनमध्ये कॉलेज उघडल्यावर आमच्या सरांना दाखवलं. ते हसले नाहीत, हे महत्त्वाचं. त्यांनी मला खाली बसवलं आणि सांगितलं की अरे हा ऑयलरचा प्रश्न आहे, १७८२ चा, आणि हे होत नाही. १९०० च्या सुमाराला गास्तों तारी म्हणून अल्जीरियात सरकारी नोकरी केलेला एक हौशी फ्रेंच गणिती होता, त्यानं सहाचे ९,४०८ प्रकारचे लॅटिन चौरस, त्यांची कुळं लावून, हातानं तपासले आणि एकालाही जोडीदार नाही हे दाखवलं. मला त्या दिवशी वाईट वाटायला हवं होतं, पण झालं उलटंच, मला वाटलं की माझ्या त्या दोन तुकड्यांशी कुणीतरी ऐंशी वर्षांपूर्वी इतकं चिवटपणे भांडलंय. गणिताकडे मी वळलो तो त्या दुपारी.

तर ऑयलर काय म्हणाला होता? विषम आकड्यांना जोडी सहज मिळते, चारच्या पटीतल्यांनाही मिळते. अडतात ते दोन, सहा, दहा, चौदा, अठरा, बावीस. दोनचं तर उघडच होत नाही. सहाचं त्याला जमलं नाही. मग तो म्हणाला की या जातीतलं कुठलंच जमत नसणार. अंदाज होता, सिद्धता नव्हती, पण म्हणणारा ऑयलर! पुढं पीटरसन, वेर्निके, मॅकनीश अशा तिघांनी सिद्धताही छापल्या, आणि तिन्ही चुकीच्या निघाल्या. बरं इथंच एक सांगायचं राहील म्हणून सांगतो, १९५९ लाच श्रीखंड्यांचा आणखी एक निबंध आहे. बुद्धिबळाचा पट चार बाय चारचा घ्या, हत्ती एका घरातून सहा घरांवर मारा करतो, आणि कुठलीही दोन घरं घेतली तरी दोघांच्या माऱ्यातली सामाईक घरं नेमकी दोन. श्रीखंड्यांनी विचारलं की या आकड्यांवरून पट ओळखता येतो का, की असे आकडे असणारी दुसरी रचनाही असू शकते? पाचचा पट घ्या, सहाचा घ्या, ओळखता येतो, दुसरी रचना नाही. फक्त चारला एक तोतया आहे. सोळा बिंदूंचा. बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा अशा रचनेला ग्राफ म्हणतात, म्हणून याला जगभर श्रीखंडे ग्राफ म्हणतात, आणि तो मला इतका आवडतो की...

चिठ्ठी आली. आठ मिनिटं? आठ! बरं, मग भराभर करतो, पण बावीसचं दाखवल्याशिवाय मी खाली उतरणार नाही.

पार्कर म्हणून तिसरा गणिती होता, रेमिंग्टन रँड या कॉम्प्युटर कंपनीत. एकमेकांशी जुळणारे चौरस जास्तीत जास्त किती मिळतील याचाही मॅकनीशनं एक अंदाज केला होता, तो खरा असता तर ऑयलरही खरा ठरला असता. पार्करनं एकवीसला त्या अंदाजापेक्षा जास्त चौरस मिळतात हे आराखड्यांच्या मदतीनं दाखवलं. ते बघून बोस आणि श्रीखंडे कामाला लागले. आता नीट ऐका. १८५० चं कर्कमनचं कोडं आहे, पंधरा मुली, रोज तीन-तीनच्या पाच रांगा करून फिरायला जातात, सात दिवस, आणि कुठल्याही दोघी एका रांगेत एकदाच येतात, ना कमी ना जास्त. हे जमतं. एकूण पस्तीस रांगा. आता प्रत्येक वाराला एक बाई नेमा, सात बाई. सोमवारच्या पाचही रांगांच्या यादीत सोमवारच्या बाई घाला, मंगळवारच्या मंगळवारी. रांगा झाल्या चौघींच्या. आणि सातही बाईंचा एक वेगळा गट, स्टाफरूमचा. मुली पंधरा, बाई सात, किती झाल्या? बावीस! आणि या बावीसांतल्या कुठल्याही दोघी नेमक्या एकाच गटात आहेत. दोन मुली? एका रांगेत. मुलगी आणि बाई? त्या वारी. दोन बाई? स्टाफरूम.

आता बावीस बाय बावीसचा चौरस आखा, ओळींना आणि रकान्यांना याच बावीस जणींची नावं द्या. कुठलंही घर घ्या, ओळीची एक आणि रकान्याची एक, दोघींचा गट एकच आहे, तो चौघींचा तरी असेल नाहीतर सातजणींचा. चार आणि सात या दोन्हींच्या जोड्या आपल्याला माहीत आहेत, पत्ते बघितलेच तुम्ही, त्या अशा मांडून घ्यायच्या की कर्णावर जिची तिची स्वतःचीच जोडी येईल. मग त्या छोट्या चौरसात या घरी जी जोडी आहे ती उचलून मोठ्यात लिहायची. बास. कुठलीही जोडी दोनदा येईल का? नाही, कारण त्या दोघींचा गट एकच, आणि त्या गटात ती जोडी एकदाच. कर्णाचं तर सांगायलाच नको. संपलं. ऑयलर बावीसला चुकला. यात नवं अवजार एकही नाही, करमणुकीचं कोडं आणि वावराचे आराखडे, दोन्ही जगासमोर पडून होते, पण ती दोन्ही एकाच वेळी ज्यांच्या हाताशी होती अशी माणसं चॅपेल हिलला, म्हणजे त्याच नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात होती.

मग पार्करनं दहाचा काढला, सात आणि तीन वापरून, आणि तिघांनी मिळून दाखवलं की दोन आणि सहा सोडले तर ऑयलर सगळीकडेच चुकला. 'ऑयलर्स स्पॉयलर्स', ऑयलरचा खेळ बिघडवणारे, हे तिघांना नाव पडलं ते तेव्हा. दहाचा तो चौरस नोव्हेंबर १९५९ च्या सायंटिफिक अमेरिकनच्या मुखपृष्ठावर रंगांत आला.

दोन मिनिटं, हो. पुढं ते परत आले, मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे संस्थापक प्रमुख, तिथल्या प्रगत अध्ययन केंद्राचे पहिले संचालक, १९७८ ला निवृत्त. कॉम्बिनेटोरिक्स, म्हणजे अशा मांडण्यांचं आणि मोजणीचं गणित, हा विषय मुंबईत रुजला तो त्या विभागाच्या खोल्यांमधून, त्यावर खरं तर स्वतंत्र तास पाहिजे. २१ एप्रिल २०२० ला विजयवाड्यात गेले, लॉकडाउनचे दिवस होते, शोकसभा वगैरे काही शक्य नव्हतं.

आणि दहाचे एकमेकांशी जुळणारे तीन चौरस असतात का, हे आजही कुणाला माहीत नाही. दोन मिळाले, तिसरा नाही. पत्ते मी इथं टेबलावर ठेवतोय, पहिल्या दोन ओळी मांडलेल्या आहेत, आणि पंधरा मुलींच्या सात दिवसांच्या तक्त्याच्या झेरॉक्स आहेत चाळीसेक, जाताना एकेक घ्या.