कपाटाची किल्ली

नमस्कार मंडळी. मुलांनी वाचावं म्हणून काय करावं यावर बोला, असं वाचनालयाच्या चिटणीसांनी मला सांगितलं. एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत गेल्यामुळे उपदेशाची सवय अंगात मुरलेली आहे. आज ती आवरते, कारण या बाबतीत मुलांपेक्षा मीच जास्त चुकलेय.

नोकरीच्या सुरुवातीला ग्रंथालयाचा चार्ज माझ्याकडे आला. ग्रंथालय म्हणजे मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागचं एक लोखंडी कपाट. आत दोनशेच्या आसपास पुस्तकं, सगळ्यांना खाकी कव्हरं. त्यामुळे वाघाची गोष्ट कुठली आणि शेळीपालनाची पुस्तिका कुठली, हे बाहेरून कळायची सोय नाही. आधीच्या बाईंनी किल्ली देताना एकच सांगितलं, "नोंदवहीशी पुस्तकं जुळली पाहिजेत. कमी भरली तर पैसे तुमच्याकडून." मी ते इतकं मनावर घेतलं की किल्ली पर्समधून बाहेर काढेचना. तपासणीला साहेब आले, त्यांनी पुस्तकं मोजली. एकही कमी नाही, एकही फाटलेलं नाही. शेरा मिळाला, 'ग्रंथालय सुस्थितीत'. मला केवढा आनंद झाला होता! सुस्थितीत असणारच, हात कुणाचा लागला होता?

मग एका पावसाळ्यात चौथीतली एक मुलगी मागेच लागली, म्हणून तिला गोष्टींचं एक पुस्तक दिलं. आठवडा झाला, महिना झाला, पुस्तक परत येईना. दोनदा निरोप धाडले. शेवटी आणलं, तर कव्हर गायब, कोपरे मुडपलेले आणि एका चित्रावर पिठाचा अंगठा उमटलेला. मी रागावायला तोंड उघडणार, तेवढ्यात ती म्हणाली, "बाई, आजी भाकऱ्या थापते तेव्हा मी वाचते. ती म्हणाली, चित्र दाखव." आजीला अक्षरओळख नव्हती. पीठ लागलेल्या हातानंच तिनं पुस्तक जवळ ओढलं असणार. नोंदवहीत शेऱ्याच्या रकान्यात 'फाटके' लिहायचं होतं. मी लिहिलं, 'वाचले'. आपल्या भाषेत या शब्दाचे दोन अर्थ होतात, ते त्या दिवशी मला उपयोगी पडलं.

खरं तर पुस्तक एकट्यानं, दार लावून वाचायचं ही रीत आपल्याकडे फार जुनी नाही. श्रावणात पोथी लावतात तेव्हा वाचणारा एक आणि ऐकणारी सगळी आळी. दिवाळी अंकांचंही तसंच. 1909 साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून एक अंक किती घरं फिरला असेल याचा हिशेब कुणी मांडावा! आपल्या वाचनालयातही दिवाळी अंकांची योजना असते ना? होळीपर्यंत अंकाची पानं सुटतात आणि कुणाची तक्रार नसते. मग मुलांच्या पुस्तकाला डाग पडला की आपला जीव एवढा का खालीवर होतो?

सयाजीराव गायकवाडांनी 1910 मध्ये बोर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल बडोद्याला आणला आणि त्या संस्थानात पुस्तकं पेट्यांत भरून गावोगाव फिरू लागली. पेटी खडखडत जाणार, पुस्तकं झिजणार, हे त्यांना दिसत नव्हतं असं थोडंच आहे? अलीकडचं उदाहरण भिलारचं. 4 मे 2017 पासून पाचगणीजवळच्या त्या गावात लोकांनी राहत्या घरांत पुस्तकं मांडली आणि दारं उघडी ठेवली. कुणीही जावं, बसावं, वाचावं. मी गेले तेव्हा एका घरात पुस्तकांच्या मांडणीशेजारीच स्ट्रॉबेरीचे रिकामे खोके रचलेले होते. मला ते फार आवडलं.

आम्ही शाळेत काय केलं ते थोडक्यात सांगते. खाकी कव्हरं काढली. वर्गात सुतळ्या बांधून मुलांच्या हाताला येतील अशी पुस्तकं लटकवली. शनिवारी अदलाबदल सुरू केली. आपण वाचलेलं पुस्तक दुसऱ्याला द्यायचं आणि देताना त्यातलं एकच काहीतरी सांगायचं. "यात एक म्हातारी भुताला झाडू मारते," एवढं सांगितलं की त्या पुस्तकावर उड्या. मी दहा मिनिटं शिफारस केली की तेच पुस्तक आठवडाभर पडून. आणि 'यावरून काय बोध घ्याल?' हा प्रश्न मी कायमचा बंद केला. हा प्रश्न गोष्टीचा जीव घेतो, असं माझं ठाम मत आहे. पटत नसेल तर नंतर भांडू. अर्ध्यात सोडलेल्या पुस्तकाबद्दलही विचारायचं नाही. आपण रटाळ सिनेमातून उठून येतोच की.

पुस्तकं हरवली का? हरवली. पहिल्या वर्षी अठरा. मला रात्री झोप लागेना. मग मुख्याध्यापकांशी वाद घालून निर्लेखनाचा प्रस्ताव केला. जीर्ण पुस्तकं साठ्यातून कमी करायची सोय नियमातच असते, आपण फक्त कागद रंगवायचा कंटाळा करतो. हरवलेल्यांपैकी चार मीच भरून दिली. महाग पडली नाहीत. नव्या पुस्तकांना पैसे नाहीत ही अडचण खरी आहे, पण बालभारतीच्या 'किशोर'चे 1971 पासूनचे अंक आता फुकट पाहता येतात. एका फोनवरून वर्गाला मोठ्यानं वाचून दाखवायला तेवढं पुरतं.

आज येताना चाळीसेक पुस्तकं आणलीत, मागच्या टेबलावर आहेत. मुलांना घेऊ द्या. नाव लिहायला कुणी बसलेलं नाही. त्यातच ते पिठाच्या अंगठ्याचं पुस्तकही आहे, निर्लेखनात मी रद्दीच्या भावानं घेतलेलं. तेवढं मात्र वाचून झालं की मला परत आणून द्या हं.