खान्देशाचं छत

[दृश्य: मे महिना, दुपारचे दोन. रिकामी गल्ली. कॅमेरा हळूहळू वर जातो आणि गावातल्या गच्च्या दिसू लागतात.]

दुपारचे दोन वाजलेत. गल्लीत चिटपाखरू नाही. नळाच्या ओलीत एक कुत्रं अंग टाकून पडलंय. जळगाव, भुसावळ, धुळे, मे महिन्यात इथला पारा ४५ अंशांच्या पुढे सरकतो आणि त्याचं इथल्या माणसाला आता नवल वाटत नाही. डोक्याला पांढरं उपरणं गुंडाळायचं, खिशात कांदा ठेवायचा आणि कामाला लागायचं.

घराकडे आपण रस्त्यावर उभं राहून बघतो. सूर्य वरून बघतो. जळगाव साधारण २१ अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात एक दुपार अशी येते, की सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि उभ्या काठीची सावली काठीच्या बुडातच जिरते. आपण त्याला शून्य सावलीचा दिवस म्हणतो. त्या दिवसांत भरदुपारी दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जवळजवळ पडतच नाही. सगळा मारा छतावर.

नवं घर बांधताना आमच्याकडे पहिला प्रश्न असतो, ‘एलिव्हेशन कसं काढायचं?’ म्हणजे पुढची बाजू, जी पाहुण्यांना दिसते ती. मला वाटतं, खान्देशातल्या घराची दर्शनी बाजू वर आहे. तिच्याकडे बघणारं कुणी नसतं, आणि घरातल्या माणसांचा उन्हाळा तिच्यावरच ठरतो.

[दृश्य: तापीकाठच्या गावातलं अर्धं पडलेलं जुनं घर. छताची तुटलेली कड जवळून.]

हे धाब्याचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं घर. अर्धं कोसळलंय, म्हणूनच त्याचं पोट दिसतंय. खालून वर बघत जा. आधी सागाचा जाड सर, म्हणजे तुळई, हात टेकवला तर पंजा पुरत नाही इतका. त्यावर एकमेकींना खेटून लाकडी कड्या. कड्यांवर आडव्या काड्या आणि बांबूच्या कामट्या. त्यावर निंबाचा पाला. तो वाळवीला पळवतो. बघा, इथे अजून त्याच्या शिरा मातीत छापलेल्या आहेत. पाल्यावर चांगली वीतभर माती, चोपून चोपून बसवलेली. आणि सगळ्यात वर खारी माती.

या खाऱ्या मातीची गंमत सांगायलाच हवी. तिच्यात सोडियमचे क्षार असतात. पाणी लागलं, की त्यामुळे मातीचे बारीक कण सुटे होतात, फुगतात आणि एकमेकांतल्या फटी बुजवून टाकतात. म्हणजे पाऊस पडला की छत स्वतःला लिंपून घेतं. रसायनशास्त्राचं पुस्तक न उघडता आमच्या बायाबापड्या मृग लागायच्या आधी गाडीभर खारी माती आणून धाब्यावर पसरायच्या. भिंती पांढऱ्या मातीच्या, दोन-दोन अडीच-अडीच फूट रुंद. अशी जाड भिंत दुपारचं ऊन पिते आणि आत पोचवायला आठ-दहा तास लावते. तोवर रात्र झालेली असते, आणि घरातली माणसं अंथरुणं घेऊन धाब्यावर गेलेली असतात.

या घरात राहणं सोपं होतं असं मात्र म्हणणार नाही. वर्षाला माती, वर्षाला लिंपण, आणि झड लागली की एखाद्या कोपऱ्यातून ठिबकायचंच. सागाचा सर आता कुणाला परवडतो? धाबं अंगावर पडून माणसं दगावल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात. स्लॅब हवा, असं गावाला वाटलं यात गावाचं काही चुकलं नाही.

आमचं धाबं २००४ साली पाडलं. नवा स्लॅब पडला त्या दिवशी वडिलांनी मिस्तरी आणि सेंट्रिंगवाल्यांना जेवण दिलं. पुढच्याच उन्हाळ्यात आजी रात्री दोनला उठून मोरीत बसली, अंगावर तांब्याने पाणी घेत. मी गेलो तर म्हणाली, ‘धाबं गयं रे भाऊ, नि झोप बी गयी.’

[दृश्य: गच्ची. सिमेंटवर हवा थरथरताना दिसते.]

स्लॅब पाच-सहा इंचांचा असतो. मेच्या दुपारी त्याचा पृष्ठभाग ६० अंशांच्या वर तापतो आणि ती धग तीन-चार तासांत खाली उतरते. सात वाजता बाहेर वारा सुटलेला असतो, घरात छत तव्यासारखं तापलेलं असतं. पंखा लावला तर तो वरची गरम हवाच अंगावर ढकलतो. मग कूलर आला. आपली हवा कोरडी, म्हणून कूलर इथे चांगलाच चालतो. पाणी उडून जाताना हवेतली उष्णता घेऊन जातं, जुन्या वाळ्याच्या पडद्यासारखंच. पण त्याला पाणी लागतं, आणि मेमध्ये आमच्याकडे नळ रोज येतो असं नाही.

शहरात याच्या जोडीला काच आणि दर्शनी भिंतीला लावायची अॅल्युमिनियमची एसीपी शीट आली. पश्चिमेला तोंड करून अख्खी काच लावलेली दुकानं जळगावात, धुळ्यात रांगेने दिसतील. उतरतं ऊन तिरकं येतं, छज्जाच्या खालून सरळ आत घुसतं. दुकानदार आतून पुठ्ठे लावतो. काचेला पुठ्ठे लावलेले बघितले, की मला फार वाईट वाटतं. आधुनिक दिसायला पैसे घातले आणि दुपारभर ट्यूबलाइट लावून बसावं लागलं.

आधुनिक वास्तुकलेने उन्हाचा विचारच केला नाही, असं नाही. आपल्या शेजारी गुजरातेत जाऊन बघा. अहमदाबादेत १९५४ साली जगप्रसिद्ध वास्तुविशारद ल कॉर्ब्युझिए यांनी गिरणीमालकांच्या संघटनेची इमारत बांधली. तिच्या पश्चिमेला काँक्रीटच्या खोल, तिरप्या फळ्या आहेत. वारा आत येतो, उतरतं ऊन अडतं. त्याच शहरात वास्तुविशारद बाळकृष्ण दोशींचं ‘संगत’ आहे, त्यांचं स्वतःचं कार्यालय. पुण्यात जन्मलेल्या या माणसाला २०१८ मध्ये प्रित्झकर हा वास्तुकलेतला मानाचा पुरस्कार मिळाला. ‘संगत’ थोडं जमिनीत उतरलेलं आहे. वर लांबट कमानी छतं, त्यांच्या थरांमध्ये मातीच्या पोकळ नळ्या, आणि सगळ्यात वर पांढऱ्या चिनीमातीच्या कपच्या. पोकळीतली हवा धग अडवते, पांढरा रंग ऊन परतवतो. पावसाचं पाणी त्याच कमानींवरून पन्हळीत उतरतं.

आणि हे बघताना ओळखीचं वाटतं. आपल्या मिस्तरींचा ‘ब्रिकबॅट कोबा’ आठवा. स्लॅबवर विटांचे तुकडे मांडायचे, चुना-सिमेंट ओतायचं, उतार काढून घोटायचं. लोक तो गळतीसाठी करतात. पण विटांचा तो थर धग अडवायलाही मदत करतो. त्यावर पांढऱ्या टाइलच्या कपच्या बसवल्या, की धाब्याचं गणित बऱ्यापैकी परत येतं. कपच्या फरशीच्या दुकानात तुटफूट म्हणून पडून असतात.

[दृश्य: आफ्रिकेतल्या शाळेचं रेखाटन. वर अधांतरी पत्रा, खाली विटांचं छत, मधून जाणारे हवेचे बाण.]

आता जरा लांब जाऊ. पश्चिम आफ्रिकेत बुर्किना फासो नावाचा देश आहे. तिथल्या गांदो गावात २००१ साली एक प्राथमिक शाळा बांधून झाली. बांधणारा फ्रान्सिस केरे त्याच गावचा मुलगा, जर्मनीत शिकलेला. तिथेही आपल्यासारखंच ऊन. तिथेही पत्र्याखालच्या वर्गात मुलं भाजून निघायची. केरे यांनी पत्रा टाकून दिला नाही. वर्गावर आधी मातीच्या विटांचं छत घातलं, विटांमध्ये फटी ठेवल्या, आणि पत्रा त्याच्या बराच वर, बारीक सळयांच्या कैचीवर उचलून धरला. पत्रा तापतो, पण एकटाच तापतो. मधून वारा जातो आणि वर्गातली गरम हवा फटींतून निघून जाते. विटा गावाने पाडल्या, माती गावची. त्याच केरे यांना २०२२ मध्ये प्रित्झकर मिळालं.

हे मी मुद्दाम सविस्तर सांगतोय. कारण आपल्याकडे पत्र्याची घरं कमी नाहीत, आणि पत्र्यावर पत्रा, मध्ये हातभर हवा, एवढं आपल्यालाही करता येईल.

[दृश्य: सातपुडा. डोंगराच्या सोंडेवर एकेकटी घरं.]

खान्देश म्हणजे सगळा सपाट, तापलेला मुलूख नाही. नंदुरबारकडे सातपुड्यात चढलात, की धाबं संपतं. अक्राणीच्या डोंगरात पाऊस जास्त, म्हणून छपरं उतरती. लाकडाचे खांब, बांबूचा कुड, वर कौलं. भिल्ल आणि पावरा बांधवांची घरं एकमेकांना चिकटलेली नसतात. ज्याचं घर त्याच्या शेतात. कुडातून वारा खेळतो.

सरकारी घरकुलाचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर आहे, म्हणजे साधारण २७० चौरस फूट. अक्राणीच्या डोंगरात आणि यावलच्या केळीपट्ट्यात हे घर पुष्कळदा एकाच साच्याचं उभं राहतं. पक्कं घर मिळतंय ही मोठीच गोष्ट आहे. पण गुरं कुठे बांधायची, धान्याची कणगी कुठे, हे त्या नकाशाला विचारायला हवं होतं.

[दृश्य: जळगावजवळची जैन हिल्स. दगडी इमारत, झाडं, सावल्या.]

जळगावजवळ जैन हिल्सवर गांधीतीर्थ, म्हणजे महात्मा गांधींवरचं संग्रहालय आहे. उद्योजक भवरलाल जैन यांच्या पुढाकाराने उभं राहिलेलं, २०१२ मध्ये तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते उद्घाटन झालेलं. जोधपूरचा दगड, भोवती झाडं. मी तिथे ऐन उन्हाळ्यात गेलो होतो. जाताना आवर्जून दगडी भिंतीला हात लावून बघा, आधी बाहेरून, मग आतून. वास्तुकलेवर तासभर ऐकण्यापेक्षा तळहाताला जास्त कळतं.

साहित्याचंही आपल्याजवळ काही कमी नाही. भुसावळजवळ दीपनगरला औष्णिक वीज केंद्र आहे. कोळसा जळून उरणारी राख विटांमध्ये जाते. फ्लाय अॅशच्या या विटांसाठी शेतातली सुपीक माती खणावी लागत नाही आणि भट्टीही पेटवावी लागत नाही. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे. जे ऊन आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या भाजत आलं, तेच तिथे वीज देतंय.

आता ते घरोघरच्या गच्चीवर आलंय. २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर’ योजना सुरू झाली. ३ किलोवॅटच्या पॅनेलला ७८ हजार रुपये अनुदान. तेवढ्या पॅनेलला सुमारे ३०० चौरस फूट जागा लागते. आणि इथे खरी अडचण सुरू होते, कारण आमची गच्ची रिकामी कधीच नव्हती.

[दृश्य: पहाटेची गच्ची. साड्यांवर कुरडया, शेवया, पापड. लहान मुलगा कावळे हाकलतोय.]

चैत्र-वैशाखात खान्देशात गच्चीवर पाय ठेवायला जागा नसते. गव्हाचा चीक शिजतो, सोऱ्यातून कुरडई पडते, पांढरीशुभ्र, साडीवर ओळीने. दुपारपर्यंत ती कडक होते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी येतात. निंबाला झोका बांधलेला असतो, आणि रात्री सगळ्या बहिणी, भाचे, मावश्या गच्चीवर झोपतात. श्रावणात कानबाई, ही खान्देशाची देवी, घरात बसते, तेव्हा भाऊबंद जमतात आणि पन्नास-साठ माणसांची पंगत उठते. पुरणाचे मांडे करायचे तर खापर लागतं, पालथं घातलेलं, मोठ्या चुलीवर. मांडे करणारी बाई हातावर पोळी झुलवते, कोपरापर्यंत लांबवते आणि एका झटक्यात खापरावर टाकते. तिला दोन्ही हात पसरायला जागा हवी. दोन बाय दोनच्या ओट्यावर गॅससमोर हे होत नाही. फ्लॅटमध्ये राहायला गेलेल्या घरांतून मांडे पहिल्यांदा गेले, ते चव बदलली म्हणून नाही.

घराचा नकाशा काढणाऱ्या तरुण आर्किटेक्टना माझं एकच मागणं आहे. बेडरूम किती, हे विचारण्याआधी आखाजीला तुमच्याकडे किती माणसं येतात, ते विचारा.

[दृश्य: संध्याकाळ. गच्चीवर आठ फूट उंच लोखंडी सांगाड्यावर पॅनेल. खाली सावलीत खाट.]

गेल्या वर्षी आम्ही आमच्या स्लॅबवर कोबा केला. वर पांढऱ्या कपच्या. पॅनेल बसवणारा म्हणाला, सांगाडा खाली घेऊ, लोखंड कमी लागेल. आई म्हणाली, ‘भाऊ, मला त्याच्याखालून डोक्यावर पाटी घेऊन जाता आलं पाहिजे.’ म्हणून आठ फूट. अर्धी गच्ची पॅनेलखाली, अर्धी मोकळी. दुपारी सावलीत शेवया सुकतात, थोड्या उशिरा, पण धूळ कमी लागते. खालच्या खोलीत आता रात्री कूलर बंद करून झोपता येतं.

पहिल्या दिवशी आईची खाट आम्ही पॅनेलखाली टाकली होती, दव पडलं तर बरं म्हणून. रात्री पाणी प्यायला वर आलो तर खाट जागेवर नव्हती. तिने ती ओढत मोकळ्या बाजूला नेली होती, पार कठड्यापर्यंत, आणि उताणी पडून सप्तर्षी बघत होती.