घाटपायथ्याची खोपोली

नमस्कार श्रोतेहो. मुंबई-पुणे प्रवास तुम्ही किती वेळा केला असेल? आणि त्यात खोपोलीत किती वेळा उतरलात? एक्स्प्रेस-वे आल्यापासून गावाचं नाव फक्त पाटीवर दिसतं. पण एके काळी इथं थांबल्याशिवाय कुणाचीच सुटका नव्हती.

बोरघाट सुरू होतो तो गावाच्या डोक्यावरच. चढायच्या आधी माणसांना पाणी हवं, बैलांनाही हवं. नाना फडणवीसांनी इथं मोठा तलाव बांधला आणि काठावर महादेवाचं देऊळ उभारलं. जुनी खोपोली बघायची तर सुरुवात इथूनच करायची.

घाटात गाडीरस्ता झाला 1830 साली. 10 नोव्हेंबरला मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी तो खुला केला. त्याच रस्त्यावरचा कमानींचा पूल आपण अमृतांजन पूल म्हणून ओळखायचो. एप्रिल 2020मध्ये, टाळेबंदीत रस्ता रिकामा असताना, तो सुरुंग लावून पाडला. वाहतुकीला अडचण होती हे खरं, तरी मला हळहळ वाटलीच.

सगळ्यात गमतीचा काळ मात्र रेल्वेचा. 12 मे 1856ला गाडी खोपोलीत आली. दोन वर्षांनी पुण्याकडून रूळ खंडाळ्यापर्यंत पोचले. मधला घाट तसाच! म्हणजे मुंबईचा प्रवासी खोपोलीला उतरणार, पालखीत किंवा तट्टावर बसून घाट चढणार आणि खंडाळ्याला पुन्हा गाडी धरणार. पाच वर्षं हे असं चाललं. हमालीवरून किती वाद झाले असतील, कल्पना करा!

1863मध्ये घाटातून रेल्वे सुरू झाली, पण ती पळसदरीहूनच वर वळली. खोपोली फाट्यावर राहिली. आजही कर्जतहून येणारी लोकल इथं येते आणि रूळच संपतात. समोर नुसता डोंगर.

ही रेल्वेची वाट इंग्रजांना शिंगरोबा नावाच्या धनगरानं दाखवली आणि बक्षीस म्हणून त्याला गोळी मिळाली, असं घाटात सांगतात. कागदोपत्री पुरावा मागू नका. जुन्या रस्त्यानं वर निघालात की वळणावर त्याचं देऊळ लागतं. ट्रकवाले गाडी थांबवत नाहीत. वेग थोडा कमी करतात, खिडकीतून हात बाहेर येतो आणि एक नाणं देवळाच्या दिशेनं उडतं.