टॅप केल्यानंतर

[दृश्य : रिकामी मॅट. कॅमेरा जमिनीलगत. एक तळवा मॅटवर दोनदा थापटतो. फक्त आवाज.]

निवेदन :

ज्यूदो किंवा जिउ जित्सूच्या मॅटवर जोडीदाराने हाताला लॉक लावला आणि कोपर ताणलं जायला लागलं, की आपण तळव्याने मॅटवर नाहीतर त्याच्याच अंगावर दोनदा थापटतो. याला टॅप म्हणतात. त्याचा अर्थ एवढाच, की सोड. तोंडाने सांगण्यावर भिस्त ठेवत नाहीत, कारण गळ्याला चोक, म्हणजे गळा आवळणारी पकड, बसली असेल तर शब्द फुटत नाही. मानेच्या दोन्ही बाजूंच्या धमन्या नीट दाबल्या गेल्या तर साधारण दहा सेकंदांत माणसाची शुद्ध हरपते. आणि कोपर एकदा पूर्ण सरळ झालं, की त्याला पुढे जायला जागाच उरत नाही.

म्हणजे सरावाला येणारा प्रत्येक जण आपला गळा आणि आपले सांधे रोज दुसऱ्याच्या हाती देतो. थापटलं की परत मिळतील, या भरवशावर देतो.

मी थापटल्यावरही ज्यांनी माझा हात सोडला नाही, ते माझे शिक्षक होते.

[दृश्य : क्लासची भिंत. चौकटीतली प्रमाणपत्रं, कप, एकाच माणसाचे वेगवेगळ्या वयातले फोटो. चेहरा दिसत नाही.]

मी एकोणीस वर्षांचा होतो. त्या क्लासमध्ये तीन वर्षं झाली होती. त्या संध्याकाळी काही पाहुणे आले होते आणि सर हाताचा लॉक समजावून सांगत होते. मी विचारलं, "सर, समोरच्याने अंगठा खाली वळवला तर हा लॉक बसतो का?"

प्रश्न खरा होता. अंगठ्याची दिशा बदलली की कोपर फिरतं आणि सगळा जोर सांध्यावरून निसटतो. सर हसले. "ये, दाखव." मी मध्ये जाऊन पडलो, त्यांनी लॉक लावला, मी अंगठा वळवला आणि कोपर खरंच सुटलं. मागून कोणीतरी हसलं. हसणारा माझ्यावर हसला असेल, सरांवर नाही. पण सरांना ते तसं ऐकू आलं नाही.

दुसऱ्यांदा त्यांनी मी सावरायच्या आत लॉक लावला, कमरेचा सगळा जोर घालून. मी थापटलं. पुन्हा थापटलं. सर माझ्याकडे बघत नव्हते, पाहुण्यांकडे बघून बोलत होते : "रस्त्यावर मारामारी झाली तर तिथे टॅप कोणी मानत नाही." हे वाक्य पूर्ण होईपर्यंत माझा हात त्यांच्या मांड्यांमध्ये होता. तीन सेकंद असतील. आतल्या बाजूचा अस्थिबंध फाटला. पुढचे चार महिने मला त्या हाताने पाण्याची बादली उचलता आली नाही.

यात सगळ्यांत जड जातं ते पुढचं सांगायला. घरी मी सांगितलं, की पडलो. डॉक्टरांनाही तेच. क्लासमधल्या मित्रांनी विचारलं तेव्हा म्हणालो, "माझंच चुकलं, मी उशिरा टॅप केलं." मित्रांनी मान डोलावली. त्यांनी माझा हात मॅटवर आपटताना पाहिला होता. दोनदा.

[दृश्य : मुलं रांगेत उभी. एक जण बाजूला पुश-अप्स काढतोय. बाकीची सरळ समोर बघतायत.]

असं एका संध्याकाळी होत नाही. त्याआधीची तीन वर्षं आम्ही त्या तीन सेकंदांचीच तालीम करत होतो.

प्रश्न विचारला की पन्नास पुश-अप्स. पाच मिनिटं उशीर झाला की सगळ्यांसमोर अपमान, आणि सर स्वतः अर्धा तास उशिरा आले की आम्ही उठून वाकायचं. डेमो नेहमी सर्वांत हलक्या मुलावर. सरांच्या जुन्या मारामाऱ्यांच्या गोष्टी दर वेळी थोड्या लांबायच्या आणि समोरची माणसं दर वेळी एकाने वाढायची. तीन वर्षांत आमच्यापैकी कोणीही सरांना स्पारिंग, म्हणजे सरावाची लढत, करताना पाहिलं नाही. बाहेरून कोणी ताकदवान, अनुभवी माणूस आला, की सर त्याची जोडी एका ठरावीक सीनियरशी लावायचे. त्या सीनियरला काय करायचं ते सांगावं लागत नसे. पाहुणा पुन्हा यायचा नाही. मग सर म्हणायचे, "त्याला झेपलं नाही."

मी त्या दिवसापर्यंत हसणाऱ्यांत होतो. माझ्याहून लहान मुलांवर डेमो झाले आणि ती रडवेली झाली तेव्हा मीही रांगेत उभा राहून हसलो आहे. रांगेत उभं राहायला मिळत होतं आणि मध्ये बोलावणं येत नव्हतं, त्याचा तो आनंद होता. त्यातल्या एका मुलाचा चेहरा मला अजून आठवतो. त्याने महिन्याभरात क्लास सोडला. तो का आला नाही, हे मी त्याला कधीच विचारलं नाही.

कोणी म्हणेल, ही विद्या कडक शिस्तीशिवाय येतच नाही. बरोबर आहे. मला कडक शिक्षकही भेटले आहेत आणि त्यांचं ऋण मी मानतो. मागे पडताना हनुवटी छातीला लावली नाही तर कडक शिक्षक ओरडतो, कारण माझं डोकं आपटणार असतं. अहंकारी शिक्षकही तसाच ओरडतो, तेवढ्याच जोरात. फरक ऐकून कळत नाही. ओरडण्याचं कारण माझं डोकं आहे की त्याचं नाव, एवढाच तो फरक. सोळा वर्षांच्या मुलाला तो ओळखू येत नाही. त्याच्या पालकांनाही बहुतेक वेळा येत नाही.

[दृश्य : काळ्या पट्ट्याची गाठ, जवळून. कडा झिजून पांढऱ्या झालेल्या.]

या सगळ्या दराऱ्याला आधार असतो तो या पट्ट्याचा. तो हजारो वर्षांची परंपरा असल्यासारखा वाटतो. पण ज्यूदोचे जपानी संस्थापक जिगोरो कानो यांनी कोदोकान ही आपली ज्यूदोची शाळा सुरू केली ती १८८२ मध्ये, एका मंदिराच्या बारा चटयांच्या खोलीत. त्याआधीच्या जपानी युद्धकलांच्या शाळांमध्ये परवान्यांची पद्धत होती. कानोंनी त्याजागी दान ही श्रेणी आणली, १८८३ मध्ये पहिल्या दोन शिष्यांना ती दिली, आणि काळा पट्टा त्यानंतर आला. कराटेने ही पद्धत ज्यूदोकडूनच उचलली. गिचिन फुनाकोशी यांनी कराटेतले पहिले काळे पट्टे दिले ते १९२४ मध्ये. मधले रंगीत पट्टे युरोपात रुळले तेही गेल्याच शतकात.

कानो पेशाने शिक्षणतज्ज्ञ होते, मोठ्या शिक्षणसंस्थांचे प्रमुख होते. ज्यूदोसाठी त्यांनी जी दोन सूत्रं मांडली, त्यातलं एक आहे 'जिता क्योएई' : आपलं आणि दुसऱ्याचं भलं एकत्रच. पहिल्या काळ्या पट्ट्याला 'शोदान' म्हणतात, म्हणजे सुरुवातीची पायरी. आमच्या क्लासमध्ये हे सगळं भिंतीवर लिहिलेलं होतं. त्याच भिंतीखाली माझा हात गेला.

आणि पट्टा कोणी द्यायचा? अनेक देशांत मार्शल आर्ट्सचा क्लास उघडायला कुठलाही परवाना लागत नाही. स्वतःची नवी शैली काढावी, स्वतःच तिचा संस्थापक व्हावं आणि स्वतःलाच दहावी दान घ्यावी, याला अडवणारं कोणी नसतं. फ्रान्सने ज्यूदो शिकवण्याच्या पेशासाठी १९५५ मध्येच कायदा केला. ज्या खोलीत लहान मुलांचे गळे दाबायला शिकवतात, तिथे शिकवणाऱ्याची पारख आधी व्हायला हवी, हे मला तरी उघड वाटतं.

[दृश्य : शिक्षक हात फिरवतो, समोरचे विद्यार्थी स्पर्श न होताच कोसळतात. नाट्यरूपांतर.]

इथे एक घटना सांगायला हवी. जपानमधल्या एका वयस्क शिक्षकांचा दावा होता, की ते हात न लावता माणसाला खाली पाडतात. त्यांचे शिष्य खरोखर पडायचे, रांगच्या रांग. २००६ मध्ये ते मिश्र मार्शल आर्ट्सच्या एका खेळाडूसमोर उभे राहिले. त्याला काहीच झालं नाही. शिक्षकांच्या चेहऱ्यावर ठोसे बसले आणि सामना थोडक्यात आटोपला.

लोक तो व्हिडिओ बघून हसतात. मला हसू येत नाही. मी त्या पडणाऱ्या शिष्यांकडे बघतो. त्यांतला पहिला शिष्य पहिल्यांदा का पडला असेल, ते मला माहीत आहे. सरांना वाईट वाटू नये म्हणून. मग दुसरा पडला, कारण पहिला पडला होता. काही वर्षांनी शिक्षकांनाच ते खरं वाटायला लागलं असेल. आम्हीही असेच पडायचो. सरांनी ढकललं की दोन पावलं जास्त मागे जायचो. मी अंगठा वळवला, तेव्हा खरं तर एवढंच केलं, की पडलो नाही.

[दृश्य : पांढऱ्या गणवेशातल्या मुली मॅटवर बसलेल्या, पाठमोऱ्या.]

हे फक्त गल्लीबोळातल्या क्लासमध्ये होतं असंही नाही. जपानच्या राष्ट्रीय महिला ज्यूदो संघातल्या १५ खेळाडूंनी मिळून आपल्या मुख्य प्रशिक्षकांविरुद्ध तक्रार केली. थपडा आणि बांबूच्या तलवारीचे फटके, असे आरोप होते. २०१३ च्या सुरुवातीला प्रशिक्षकांनी पद सोडलं. जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंमध्ये गणल्या जाणाऱ्या त्या बाया. एकेकटीने बोलणं त्यांनाही जमलं नाही, पंधरा जणी एकत्र याव्या लागल्या.

त्याच देशात १९८३ ते २०११ या काळात शाळांमधल्या ज्यूदोत शंभराहून अधिक मुलं दगावल्याची नोंद आहे. प्रत्येक मृत्यूमागे शिक्षकाचा अहंकार होता असं मी म्हणणार नाही. पण यातली बरीच मुलं नवशिकी होती आणि डोक्याची इजा हे मोठं कारण होतं. मागे फेकलं गेलं की डोकं झटक्याने हलतं आणि मेंदू व कवटी यांच्यामधल्या शिरा फाटू शकतात. कधी कधी डोकं जमिनीला न लागताही. म्हणून थकलेल्या मुलाने "डोकं दुखतंय" म्हटल्यावर त्याला बाजूला बसवायचं असतं. "नाटकं करू नकोस" म्हणून पुन्हा उभं केलं, तर त्याचे परिणाम आपल्याला मागे घेता येत नाहीत. २०२२ मध्ये जपानच्या ज्यूदो महासंघाने प्राथमिक शाळेतल्या मुलांची राष्ट्रीय स्पर्धा बंद केली, कारण मोठ्यांचा जिंकण्याचा हट्ट मुलांवर येत होता.

[दृश्य : कपाटात घडी करून ठेवलेला गणवेश.]

मी क्लास सोडला, पण लगेच नाही. हात बरा झाल्यावर दोन महिने पुन्हा गेलो. तिथले मित्र हेच माझे मित्र होते, तिथला पट्टा हीच माझी ओळख होती. सोडल्यावर फोन आपोआप थांबले. सरांनी सांगितलं होतं, की माझ्याशी बोलायचं नाही.

ब्राझीलच्या जिउ जित्सूत क्लास बदलणाऱ्याला 'क्रेओंते' म्हणायची पद्धत होती. अर्थ गद्दार. आमच्याकडे तो शब्द नव्हता, वागणूक तीच होती. वास्तविक जपानी परंपरेत शिकण्याचे तीन टप्पे सांगतात : 'शु', 'हा', 'री'. आधी गुरूची रीत पाळायची, मग ती मोडून बघायची, मग तिच्यापासून वेगळं व्हायचं. शिष्य एक दिवस निघून जाणार, हे त्या शिकवण्यातच धरलेलं आहे.

[दृश्य : दुसरा क्लास. भिंतीला टेकून बसलेला एक तरुण, मॅटकडे बघतोय.]

दोन वर्षांनी मी दुसऱ्या क्लासमध्ये गेलो. पहिले तीन दिवस नुसता भिंतीला टेकून बसलो. प्रमाणपत्रांकडे पाहिलं नाही. तळवा मॅटवर पडल्यावर हात किती लवकर सैल होतो, तेवढंच बघत होतो. सर्वांत नवा मुलगा प्रश्न विचारताना आधी आजूबाजूला बघतो का, तेही. तिथे शिकवणाऱ्या मॅडम चाळिशीतल्या होत्या, चणीने लहान. त्या सगळ्यांशी स्पारिंग करायच्या आणि हरायच्याही. हरल्या की उठून म्हणायच्या, "हे कसं केलंस, परत दाखव."

चौथ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. हाताचा लॉक. त्यांनी मनगट धरलं मात्र, कोपर अजून ताणलंही नव्हतं, आणि मी थापटलं. हात त्याच क्षणी मोकळा झाला. त्या उठून बसल्या.

"डावा हात जपतोस. काय झालं होतं?"

तोंडावर आलं होतं, की पडलो होतो.

"सरांनी धरून ठेवला होता," मी म्हणालो. "मी टॅप केल्यावर."

त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी माझा उजवा हात पुढे घेतला.

"आज या बाजूने करू."

[दृश्य : तळवा मॅटवर दोनदा थापटतो. पकड सुटते.]