पायाची नाही, भुलेची भीती

1960 साल. ऑस्ट्रेलियातलं मेलबर्न. मोटारीनं उडवलेला 21 वर्षांचा एक विद्यार्थी रुग्णालयात आलाय. पायाचं हाड मोडून बाहेर आलंय, पण त्याला पायाची फारशी चिंताच नाही. तो घाबरलाय भुलेला. त्याच्या नात्यातले दहा जण ईथरची भूल दिल्यावर दगावले होते.

डॉक्टरांनी त्याचं ऐकलं. ईथर टाळून त्या काळी नवं असलेलं हॅलोथेन दिलं. दहाएक मिनिटांत रक्तदाब कोसळला, नाडी धावू लागली, अंग भट्टीसारखं तापलं. भूल तिथेच थांबवली, बर्फ लावला. मुलगा वाचला. डॉ. मायकल डेनबरो यांनी मग त्याच्या घराण्याचा इतिहास खणून काढला आणि हा दोष पिढ्यान्‌पिढ्या रक्तातून उतरतोय, हे जगासमोर मांडलं. आज या आजाराला मॅलिग्नंट हायपरथर्मिया म्हणतात.

नेमकं घडतं काय? आपल्या स्नायूंच्या पेशींत कॅल्शियमची कोठारं असतात. कोठाराचं दार उघडलं की स्नायू आवळतो, मिटलं की सैलावतो. हे दार कसं घडवायचं ते 19व्या गुणसूत्रावरच्या आरवायआर-1 या जनुकात लिहिलेलं असतं. त्यात बिघाड असलेला माणूस बहुतेक वेळा ठणठणीत दिसतो. काहींना मात्र याच जनुकामुळे सेंट्रल कोअर डिसीज हा स्नायूंचा आजार जन्मापासून असतो. हॅलोथेन, सेव्होफ्लुरेन असे हुंगवायचे वायू किंवा स्नायू सैल करायला देतात त्या सक्सिनिलकोलीनचं इंजेक्शन मिळालं की ते दार उघडतं आणि मिटायचं नावच घेत नाही. सगळे स्नायू एकदम राबू लागतात. जबडा आवळतो. श्वासातला कार्बन डायऑक्साइड चढत जातो. भुलेच्या यंत्रावर हाच वायू शोषून घेणाऱ्या सोडा लाइमच्या डब्याला हात लावला तर चटका बसावा इतका तो तापतो. अंगातला ताप तर पुष्कळदा उशिराच कळतो.

पूर्वी दहातले सात-आठ रुग्ण जायचे. 1975 मध्ये केपटाउनच्या गेसफर्ड हॅरिसन यांनी डुकरांवर दाखवून दिलं, की डँट्रोलीन हे औषध त्या दाराला आवर घालतं. पण त्याची पूड विरघळायला हट्टी. साठ किलोच्या माणसाला पहिल्या डोसलाच 20 मिलिग्रॅमच्या आठ बाटल्या लागतात, प्रत्येकीत 60 मिलिलिटर पाणी. घड्याळ पळत असताना दोन-तीन जण नुसत्या बाटल्या हलवत उभे असतात.

ड्युशेन डिस्ट्रॉफी या स्नायू झिजवत नेणाऱ्या आजाराची गोष्ट वेगळी. तिथे दार शाबूत असतं, पेशीची भिंतच कच्ची असते. सक्सिनिलकोलीन दिलं की पेशींतलं पोटॅशियम रक्तात लोटतं आणि हृदय बंद पडू शकतं. हा आजार मुलग्यांना होतो आणि बहुधा आईकडून येतो. पोटऱ्या भरदार, पण जमिनीवरून उठताना पोर स्वतःच्याच मांड्यांवर हात रोवत उभं राहतं. निदान होण्याआधीच अशा पोराला भूल द्यायची वेळ येऊ शकते. म्हणून भूलतज्ज्ञानं मामाची चौकशी केली, तर त्याला कारण आहे.

आपल्याकडे घरोघरी एक वाक्य ऐकू येतं, ‘आमचे काका साध्या ऑपरेशनला टेबलावरच गेले, नशीब त्यांचं.’ ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञ भेटायला येतील, तेव्हा हे वाक्य त्यांना जरूर सांगा. काका सख्खे की चुलत, अंग तापलं होतं का, जबडा आवळला होता का, आठवेल तेवढं सगळं. हुंगवायच्या वायूंशिवायही भूल देता येते: शिरेतून, नाहीतर कमरेत इंजेक्शन देऊन.