निळ्या झाकणाची नळी

ही निळ्या झाकणाची नळी. तळाशी दिसतंय ते सोडियम सायट्रेट, ०.३ मिली. त्यावर रक्त बरोबर या रेघेपर्यंत, २.७ मिली. नळी अर्धवट भरली तर सायट्रेट भारी पडतं आणि चांगलं रक्तही उशिरा गोठतं. मग हलक्या हाताने तीन-चारदा उलटसुलट. खळखळवायची नाही.

रक्त आहे स्ट्रोक येऊन गेलेल्या एका तरुण रुग्णाचं. रक्तदाब, साखर, मानेच्या धमन्या, हृदय, सगळं तपासून झालं, कारण हाती लागलं नाही. गोठणं आवरणारं प्रोटीन सी किंवा एस कमी असलं, तर गुठळ्या मुख्यतः शिरांमध्ये होतात. मेंदूच्या धमनीचा प्रश्न असेल, तर आधी संशय घ्यायचा अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोमचा. त्यात शरीर फॉस्फोलिपिड (पेशींच्या आवरणातला स्निग्ध पदार्थ) आणि त्याला चिकटणाऱ्या प्रथिनांविरुद्ध अँटिबॉडी बनवतं. आपण शोधतोय ती हीच.

सेंट्रिफ्यूज थांबलं. वरचा पिवळसर थर प्लाझ्मा. तो काढून घ्यायचा आणि पुन्हा फिरवायचा. दुसऱ्या फेरीचा कंटाळा अनेक ठिकाणी केला जातो, आणि घोळ तिथेच होतो. प्लाझ्मात प्लेटलेट्स उरल्या, की त्यांच्यातलं फॉस्फोलिपिड अँटिबॉडीला गिळून टाकतं. रिपोर्ट येतो ‘निगेटिव्ह’.

आता या कुपीत आहे घोणसीचं विष, अगदी पातळ केलेलं. ते रक्त गोठवणाऱ्या फॅक्टर टेन या प्रथिनाला थेट जागं करतं. गोठायला फॉस्फोलिपिडही लागतं, ते मुद्दाम कमी ठेवलंय. अँटिबॉडी असेल तर ती तेवढंही अडवून धरते. घड्याळ पाहा, गुठळी अजून धरत नाही. शेजारच्या नळीत फॉस्फोलिपिड भरपूर घातलंय, तिथे लगेच धरली. या दोन वेळांमधला फरक दाखवतो ती अँटिबॉडी म्हणजे ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट. ‘गोठणं रोखणारं’ अशा अर्थाचं हे नाव फसवं आहे. नळीत गोठणं लांबवणारी हीच अँटिबॉडी शरीरात गुठळ्या करते.

सोबत याच गटातल्या अँटिकार्डिओलिपिन आणि बीटा-टू ग्लायकोप्रोटीनच्या अँटिबॉडीही मोजतात. निदान ठरलं तर वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं औषध, आयएनआर (गोठायला किती उशीर लागतो त्याचं माप) दोन ते तीन, बहुधा जन्मभर.

पण एका रिपोर्टवर शिक्का मारायचा नाही. साध्या संसर्गातही या अँटिबॉडी तात्पुरत्या वाढतात. म्हणून किमान १२ आठवड्यांनी दुसरी नळी.

तोवर रक्त पातळ करण्याचं औषध सुरू झालेलं असतं, आणि ते या तपासणीत ढवळाढवळ करतं. औषध स्वतःहून बंद करायचं नाही. चिठ्ठीवर मात्र त्याचं नाव आणि ताजा आयएनआर हवाच.

ही दुसऱ्या नळीसोबत आलेली चिठ्ठी. औषधाचा रकाना कोरा आहे.